भोकाभोकांची पानं

विज्ञानाच्या बाईंना मुलं पाठीमागे भिंगरीबाई म्हणत आणि बाईंना ते ठाऊक होतं. चहा त्या उभ्यानेच प्यायच्या, तोही अर्धा. फळ्यावर एक वाक्य लिहून होईपर्यंत तोंड पुढच्या वाक्यावर पोचलेलं असे. घरी सासूबाई म्हणत, "अगं, टेक जरा. खुर्ची काही चावत नाही." बाई हसत आणि उभ्याउभ्याच दुसरं काम हातात घेत. अशा बाईने आपणहून बाग मागून घ्यावी, म्हणजे कमालच झाली.

बाग कसली, शाळेमागची पाण्याची टाकी आणि सायकलींची शेड यांच्यामधली पडीक पट्टी. तिथे उघड्यावरचा वर्ग भरवायचा, फुलपाखरं, मधमाश्या, पक्षी येतील अशी झाडं लावायची, हे बाईंनी मुख्याध्यापकांच्या गळी उतरवलं होतं. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते, पण शिक्षकांच्या गाड्यांना जागा नव्हती आणि त्यावरून रोज कुणीतरी त्यांचं डोकं खात होतं. त्यांनी सत्र संपेपर्यंत मुदत दिली. तोवर तिथे काही जिवंत वावरताना दिसलं तर वर्ग राहील, नाहीतर गाड्या लागतील.

रोपं आणायला बाईंनी सगळा वर्ग रोपवाटिकेत नेला. जाण्याआधी एक गोष्ट पक्की घोकून घेतली होती: ज्याची पानं कुणीतरी खाल्ली आहेत, ते रोप आपलं. कडेने कुरतडलं असेल तर अळी, गोल तुकडा कापून नेला असेल तर पानं कापणारी माशी. आणि एकही भोक नसेल तर विचारायचं, औषध कधी मारलं? औषध मारलेलं पान खाऊन अळी जगत नाही. मुलं तुटून पडली. टवटवीत रोपं सोडून ही मंडळी कोपऱ्यात टाकलेला माल उचलताहेत हे बघून रोपवाटिकेचा मालक आधी हसला, मग काळजीत पडला. त्याने बाईंना बाजूला घेतलं आणि शाळेची अडचण असेल तर चांगली रोपं कमी भावात देतो, पण मुलांच्या हाती असलं काही देऊ नका, असं कळवळून सांगितलं.

फुलपाखरं लिंबाच्या पानांवर अंडी घालतात, म्हणून भोकाभोकांच्या पानांची लिंबाची तीन रोपं लागली. शेडच्या भिंतीलगत सूर्यफुलं पेरली. रुईही आणली होती, पण तिचा चीक डोळ्यांना वाईट, म्हणून ती कुंपणापलीकडे गेली. मग वाट बघायची, एवढंच काम उरलं आणि तेच बाईंना येत नव्हतं.

दोन तासांच्या मधे त्या पट्टीकडे धावायच्या. पानं उलटीपालटी करायच्या, माती उकरायच्या, आधीच ओल्या मातीत आणखी पाणी ओतायच्या. सूर्यफुलं उगवली, पण लिंबं तशीच खुरटी, वर चार पानं गाळून बसलेली. रात्री अंथरुणावर पडलं की बाईंना तिथे गाड्याच दिसायच्या. जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी एका रविवारी त्या एकट्याच मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात गेल्या आणि लिंबाची दोन रोपं घेऊन आल्या. हिरवीगार, कोवळ्या पानांनी भरलेली. एका पानाला भोक असेल तर शपथ. औषध कधी मारलं, हा प्रश्न बाईंच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला, कारण उत्तर त्यांना ऐकायचं नव्हतं.

आणि फुलपाखरू आलंच. काळं-पिवळं, कोवळ्या पानावर टेकत, उडत, पुन्हा टेकत. पानावर मोहरीएवढी पिवळसर अंडी दिसली. वर्गाला आनंदाने वेड लागायचं बाकी राहिलं. काही दिवसांनी अंड्यांतून अळ्या निघाल्या, पांढरट ठिपक्यांच्या, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारख्या. तसं दिसलं की पक्षी त्यांना खात नाही, हे बाईंनी कौतुकाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या अळ्या मरून खाली पडलेल्या होत्या.

मुलं रोपांभोवती जमली. मुंग्या, ऊन, बाईंना काहीही सांगता आलं असतं. वर्गाच्या मॉनिटर मुलीने विचारलं, "बाई, या रोपांना भोकं होती का?"

"नव्हती," बाई म्हणाल्या. "मला माहीत होतं. मला घाई झाली होती."

त्यांनी स्वतः ती रोपं उपटली. त्या दिवशी घरी त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं. सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर सांगतासांगता बाईंना रडू आलं.

त्यानंतरही पट्टीकडे जायचं काही सुटलं नाही, पण मुलं आता त्यांना लिंबांजवळ थांबू देत नसत. कुणीतरी हात धरून शेडकडे न्यायचं, बाई, सूर्यफूल बघा, बाई, इथे माशी बघा. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून पोरं जपताहेत, असं बाईंना वाटे आणि त्यांना अधिकच कसंतरी व्हायचं.

सत्राच्या शेवटी मुख्याध्यापक आले. बरोबर शिपाई, त्याच्या हातात गाड्यांची जागा मोजायची टेप. बाईंनी पाठ केलेलं भाषण सोडून दिलं आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. अळ्या आल्या होत्या, सर. माझ्यामुळे मेल्या. उगाच काहीतरी करायचं म्हणून मुख्याध्यापक जुन्या खुरट्या लिंबापाशी वाकले, पानावर पक्ष्याने घाण केलेली दिसली, ती उडवायला नख पुढे केलं.

मॉनिटर मुलीने त्यांचं मनगट धरलं. अख्ख्या शाळेत हे धाडस कुणी केलं नसतं.

"सर, ती खातेय," ती म्हणाली.

सगळे वाकले. ती घाण पानाच्या कडेने सावकाश सरकत होती आणि तिच्यामागे पान कमी होत होतं. शेजारच्या फांदीवर आणखी एक होती, चांगली बोटभर, वाढून हिरवी झालेली.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

मुलीने बाकीच्यांकडे पाहिलं. "बरेच दिवस झाले, बाई. तुम्हाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं."

"का गं?"

"तुम्ही सारखा हात लावला असता."

बाईंना लाज वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की दोन्ही कुठे ठेवावं कळेना. मुख्याध्यापकांनी शिपायाला टेप गुंडाळायला सांगितली. तासाची घंटा झाली, मुलं वर्गाकडे पळाली. बाई मात्र हात मांडीवर घेऊन टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिल्या.