अक्कांची टिपणं

काही बदलायचं ठरलं की आमच्या अक्का आधी विचारायच्या, "यात हरवणार काय?" मग ते टेबल हलवायचं असो की सॉफ्टवेअर. नसरापूरला दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करणारं आमचं छोटं ऑफिस होतं आणि अक्का तिथल्या सगळ्यांत जुन्या प्रोग्रामर. साहेब वयाने मोठे, पण तेही त्यांना अक्काच म्हणत.

अशा अक्कांनीच एक दिवस बदल मागितला. भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. वडिलांना, म्हणजे दादांना, अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली होती. शेळ्यांमागे जाणारी आई एकटी किती करणार? घरून काम करावं, तर तिथे रेंज नाही. आमच्या जुन्या पद्धतीत कोडमधला कुठलाही बदल नोंदवायचा तर ऑफिसच्या सर्व्हरशी जोडलेलं असावं लागे. अक्कांना हवी होती ती गिट नावाची नवी पद्धत. तिच्यात तो आपल्याच लॅपटॉपवर नोंदवता येतो. रेंज मिळाली की पाठवायचा.

"चालू प्रोजेक्ट कशाला हलवायचा?" साहेब म्हणाले.

"मग मला काम सोडावं लागंल, साहेब," अक्का शांतपणे म्हणाल्या. "मी हलवते. जुनं काही जाणार न्हाई."

साहेबांनी होकार दिला. जुन्या नोंदींवर बदल करणाऱ्याची नुसती आद्याक्षरं होती. गिटमध्ये पूर्ण नावं लावायची होती. नोकरी सोडून गेलेल्यांची गाळू या, असं मी सुचवलं.

"राबलीत ती माणसं हितं," अक्का म्हणाल्या आणि एकेकाला फोन करत बसल्या. लग्न होऊन गेलेल्या एका मुलीला त्यांनी विचारलं, "कुठलं नाव लावू?" ती म्हणाली, "माहेरचं लावा, अक्का. तेव्हा तेच होतं."

सगळं नीट हललं आणि अक्का वाडीवर राहायला गेल्या. रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर यायची. संध्याकाळी तिथे जाऊन दिवसभराचं काम पाठवायच्या. प्रत्येक बदलासोबत एक टिपण लिहायचं असतं. आम्ही ते तुटक इंग्रजीत खरडायचो. अक्कांची टिपणं मात्र आता मराठीत येऊ लागली. 'म्हशीचं दूध गाईच्या दरानं धरलं जात होतं. थांबवलं.' साहेब वाचून हसले, पण बदला म्हणाले नाहीत.

अक्कांचे वडील वारले तेव्हा मी वाडीवर गेलो. निघताना विचारलं, "अक्का, टिपणं मराठीत का लिहिता?"

"दादांना वाचून दाखवायचे. पोरगी दिवसभर काय करती, ते त्यांना कधी कळलंच नव्हतं. बोलता यायचं न्हाई, पण मान हलवायचे."

साहेबांनी परत ऑफिसला बोलावलंय, असा निरोप मी दिला. अक्कांनी आईकडे पाहिलं. "ही एकटी पडंल. मी हितंच बरी."

पुढे बरेच दिवस त्यांच्याकडून काही आलं नाही. मग एका संध्याकाळी चार बदल एकदम आले. टिपणं मराठीतच होती. अजून माथ्यावर असतील म्हणून मी लगेच फोन केला.

"आता आई ऐकती," अक्का म्हणाल्या. "म्हणती, समजत न्हाई, पण वाच."