राघूची गाडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सांगताना कोणी मध्ये हसलं, तर चहाचा कप काढून घेईन.

मी सुतार. शाळा दुसरीत सुटली. पण देवळाली प्रवरेपासून राहुरीपर्यंत कोणतीही बैलगाडी माझी की दुसऱ्याची, हे मी चाकाच्या आवाजावरून सांगायचो. चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला खीळ घालतात. माझी खीळ आपोआप निघाली, असं सांगणारा माणूस जन्मायचा होता. माणूस म्हणतोय मी. पोपट माझ्या ध्यानात नव्हता.

बाहत्तरच्या दुष्काळात बैल छावणीत गेले. नवी गाडी कोण करणार? लाकूड तासायच्या वाकसाला गंज चढला. त्यातच आमची थोरली बहीण, अक्का, लेकीच्या बाळंतपणाला केडगावला निघाली. पिंजरा माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाली, "म्हादू, राघूला जप. घरात बोलायला मला त्योच एक हाय."

अक्काला सारा गाव भ्यायचा. त्या गावात मीही आलो.

पिंजऱ्याच्या दाराची तार कुजली होती. मी ती फेकून माझी वाकडी खीळ बसवली. चार दिवसांत राघू स्वतःचीच पिसं उपटायला लागला.

बायको म्हणाली, "करमंना त्याला. कायतरी खेळायला करून द्या."

"घरच्या पोरांला कधी भवरा दिला न्हाई मी."

"म्हनूनच म्हन्ते. आता हात तरी रिकामं हायेत."

लिंबाचा झोपाळा केला. संध्याकाळी पिंजऱ्यात नुसता भुसा. बांबूचा खुळखुळा केला, त्याच्या काड्या झाल्या. काळ्या रानातला चिखल तुडवणारी माझी कारागिरी, आणि ती या चोचीपुढे हरणार? मी बाभळीची तळहाताएवढी गाडी करायला घेतली. जू, आख, चाकांना लोखंडी धाव, सगळं मापात. अर्धा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता आणि मी पोपटाच्या गाडीला धाव चढवत होतो.

वाटेनं जाणारा एक जण म्हणाला, "मिस्त्री, बैल कुठं हायेत? छावनीत का?"

मी धाव आणखी जोरात ठोकली.

राघूनं गाडीकडे एका डोळ्यानं पाहिलं. लाकडाला शिवला नाही. सरळ खीळ धरली आणि ओढली. चाक पडलं. मी घट्ट खीळ बसवली, तीही ओढली. मग वाकडी केली, आधी फिरवायची, मग ओढायची अशी. दोन दिवसांत तीही जमली त्याला.

"लई हुशार हाय," मी म्हणालो.

"शिकवनारा कोन हाय?" बायको म्हणाली. मला ती शाबासकी वाटली.

मग ती अंगणातून म्हणाली, "अवो, पिंजऱ्याच्या दाराला काय लावलंय?"

"आपलीच खीळ. वाकडी."

मोठ्या तोऱ्यात बोललो, आणि बोलता बोलताच उमगलं. बायको वर बघत होती. राघू लिंबाच्या शेंड्यावर होता.

पेरू दाखवला, मिरची दाखवली. त्याची नजर फक्त गाडीवर. मग काय करता? लिंबाखाली मांडी घालून बसलो. गाडी फिरवली, खीळ घातली, त्याला दिसावं म्हणून दातांनी ओढली. "ये रे राजा, ये माज्या सोन्या." पोटच्या पोरांना मी कधी असं बोललो नव्हतो. पोरं तिथंच उभी होती. खडीवरून परतलेला अर्धा गावही.

त्याच वेळी अक्का एसटीतून उतरली.

"म्हादू, राघू कुठाय?"

माझ्या दातात खीळ. बोटानं वर दाखवलं. तिचा आवाज ऐकताच राघू भुर्रकन येऊन तिच्या खांद्यावर बसला. अक्कानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"राघूला तुज्याकडं ठिवलं हुतं, का तुला राघूकडं?"

लुगड्याची चिंधी फाडून तिनं पिंजऱ्याचं दार बांधलं. ती गाठ राघूला जन्मात सुटली नाही. त्या गाठीची शिकवणी त्याची कोणी घेतली नव्हती.

दुष्काळ सरला, बैल परतले, गाड्यांची कामं आली. पण गिऱ्हाईक आलं की आधी चाकापाशी उकिडवं बसायचं, खिळीला हिसका द्यायचं आणि विचारायचं, "मिस्त्री, राघूला दावली का?"

आधी मी खवळायचो. पुढं पुढं "दावली" म्हणायला लागलो. त्याशिवाय गाडी कोणी जुंपायचं नाही.

आणि ते खोटंही नव्हतं. खीळ घडवली की तिच्यासारखी एक बारकी करून मी अक्काच्या घरी जाऊन यायचो. मागच्या दारानं.