तारेखाली बसलेली मेंढरं

बी.ए. होऊन मी सांगलीजवळच्या एका छोट्या वीज कंपनीत कारकून म्हणून लागलो, तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. आमच्या घरात सही करणारा मी पहिलाच. कंपनीनं आमच्या गावापर्यंत तार ओढायचं कबूल केलं होतं, पण भांडवल अपुरं पडत होतं. म्हणून गावकऱ्यांनी कंपनीचे भाग, म्हणजे शेअर, विकत घेतले. वडिलांनीही एक घेतला आणि कागदावर अंगठा उठवला.

खांब उभे राहिले, तार ओढून झाली. ट्रान्सफॉर्मर मात्र मुंबईच्या गोदीत अडकला. तारेत वीज नाही आणि तांब्याला तर तेव्हा भलताच भाव. एका सकाळी नदीकडच्या तीन खांबांवरची तार गायब झालेली दिसली. कंपनीच्या मालकांनी उरलेल्या गुंडाळीतून ती जोडून दिली आणि मला बोलावून सांगितलं, "होती तेवढी संपली. पुन्हा गेली तर तुमच्या गावाची लाइन बंद. राखणदार ठेवायला माझ्याकडे पैसे नाहीत."

गावी जाऊन मी हे पारावर सांगितलं. दिवाळी नुकतीच झाली होती आणि पूर्वेच्या कोरड्या मुलखातले धनगर नेहमीप्रमाणे मेंढरं घेऊन उतरले होते. रात्री मेंढरं शेतात बसवायची, रानाला खत मिळतं, बदल्यात शेतकरी धान्य देतो, ही जुनी रीत. पारावर बसलेला त्यांच्यातला म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "आवं, आमी कुटं तरी बसणारच की. तारंखाली बसतो. कुत्री हायेत आमची."

कुणाच्या रानात कुठला कळप, हे मी वहीत लिहू लागलो. चुलते हसले, "बी.ए. झालास आन् मेंढरं राखाय लागलास व्हय रं?"

वही भरली, पण ओढ्याजवळचा तुकडा रिकामाच राहिला. तिथं चार खांबांखाली नुसता मुरूम.

"खडकाला खत घालून काय उगवायचं?" त्या रानाचा मालक म्हणाला. "मी जोंधळं द्यायचा न्हाई."

त्याचं काही चुकत नव्हतं. धनगरांना फुकट बसा असं तरी कुणी म्हणावं? चोराला मात्र तेवढे चार खांब पुरले असते.

"तितलं जोंधळं मी घालतो," वडील म्हणाले.

"दुसऱ्याच्या खडकावर?" चुलत्यांनी विचारलं.

"रान त्याचं. तार माजी बी हाय न्हवं? अंगठा दिलाय मी."

आमच्या रानावरून तार जात नव्हती आणि घरात धान्यही बेताचंच होतं. वडिलांनी पहिलं पोतं स्वतः डोक्यावरून नेलं.

उन्हाळाभर तार जागेवर राहिली. मृगाआधी धनगर परतले. ट्रान्सफॉर्मर आला तो त्यानंतर आठवड्यानं. तो आठवडा ज्यानं त्यानं आपल्या रानातली तार राखली; वडील आणि मी ओढ्याजवळ घोंगडी टाकून राहिलो. मग चावडीत दिवा लागला.

पुढच्या दिवाळीनंतर म्हातारा आला तेव्हा मी त्याला मोठ्या हौसेनं दिवा दाखवायला नेलं. त्यानं दिव्याकडे एकदा पाहिलं आणि बाहेर येऊन, डोळ्यांवर हात धरून, खांबांची रांग ओढ्यापर्यंत न्याहाळली.

"समदी शाबूत हाय न्हवं?"

"हाय, मामा. आता तीत वीज आहे, कुणी हात लावत नाही. तुम्ही बसा हवं तिथं."

तो म्हणाला, "तुमच्या वडलांच्या रानात बसतो. गेल्या साली जोंधळं दिऊन बी त्येंचंच रान तेवढं खताबिगर ऱ्हायलं. आन् जोंधळं नगं म्हणावं."