आरतीला हात घातला

खंडेनवमीच्या सकाळी गॅरेजातल्या चार्जिंगच्या खोलीत स्फोट झाला. दाजी त्यात गेले.

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. शाहूपुरीतल्या एका गॅरेजात ते मोटारींच्या विजेचं काम करत. तिथं त्यांना सगळे मेस्त्री म्हणत. लढाईच्या दिवसांत लष्करी लॉऱ्यांवर ते हे काम शिकले आणि संस्थान विलीन झालं त्या सुमारास इथं लागले. ॲसिडच्या थेंबांनी त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला भोकं पडलेली असत. अक्का नवा सदरा घ्या म्हणाली की ते हसत, "कशाला गं? त्याला बी लगीच खिडक्या पडत्याल."

स्वतःच्या सदऱ्याबद्दल असे बेफिकीर असलेले दाजी दुसऱ्याच्या जिवाबद्दल मात्र भांडकुदळ होते. बॉनेट उघडलं की आधी बॅटरीची तार सोडायची, हातातली अंगठी, कडं काढून ठेवायचं, मगच आत हात घालायचा. एक पैलवान ड्रायव्हर कडं काढेना.

"पावणं, कडं तालमीत शोभतंय. हितं बॅटरीला चिकटलं तर तापून लाल हुतंय."

"मेस्त्री, भ्या दावताय व्हय?"

"व्हय तर! गाडी हाकाय शिकलास, आता जरा भ्यायला बी शीक की."

चार्जिंगच्या खोलीपाशी तर त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येई. बॅटऱ्या चार्ज होताना त्यांतून वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि कोंडलेल्या खोलीत एक ठिणगी त्याला पुरते. लष्करात एका जोडीदाराचे डोळे असे गेलेले दाजींनी पाहिले होते. त्या दारात एकानं विडी पेटवली, तेव्हा दाजींनी ती त्याच्या ओठातून उपसून चिखलात फेकली.

"तुज्या बापाची विडी हाय काय रं?" तो खेकसला.

"बापाची असती तर इझवून परत दिली असती," दाजी म्हणाले. दोघं मग बाहेर जाऊन चहा प्याले.

त्या वर्षी मालकांनी नवं चार्जिंगचं यंत्र आणलं होतं. खंडेनवमीला त्याची पूजा जागेवरच करायची, असा त्यांचा हट्ट. दाजींनी आदल्या दिवशीच सांगितलं, "मालक, मग रातीच बटन बंद करा. दार-खिडकी सताड उघडू द्या, वारं खेळू द्या. न्हाय तर मशीन अंगणात आनतो, तितं ववाळा. मी नारळ फोडतो."

सणाच्या गर्दीसाठी राधानगरीच्या गाड्या सकाळी सुटायच्या होत्या. बॅटऱ्या रात्रभर लावून ठेवायच्या, आणि खिडकी उघडली तर चोर शिरतील, हे मालकांचं उत्तर. "आणि देवाच्या कामात खोडा घालू नका, मेस्त्री."

"देवाच्या न्हवं मालक, जाळाच्या."

पुढचं मला फिटर गणपानं सांगितलं. तो अंगणात होता. मालकांनी उंबऱ्यावर कापूर पेटवला आणि ताट घेऊन ते आत गेले. दाजी एका लॉरीखाली होते. गणपाची हाक ऐकून ते बाहेर सरकले, धावले, मालकांना मागून धरून त्यांनी अंगणात फेकलं. ताट आत पडलं. स्फोट झाला तेव्हा दाजी दारात होते. बॅटऱ्यांचे तुकडे आणि ॲसिड त्यांच्या तोंडावर आलं. दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

ताट पडलं म्हणून स्फोट झाला, असं मालक सांगतात. पेटलेला कापूर त्या खोलीत नेला कोणी, हे ते सांगत नाहीत. गावाला तेवढंच पुरलं. मेस्त्रीनं आरतीला हात घातला, देवीनं फळ दिलं! मी हे किराणा दुकानात ऐकलं, माझ्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीतही ऐकलं. शिकलेली माणसं मान डोलावत होती. दर चैत्रात पायी जोतिबाला जाऊन गुलालानं माखून येणारा माणूस त्यांनी एका आठवड्यात नास्तिक करून टाकला. ज्यानं खिडकी उघडू दिली नाही, त्याच्या भक्तीबद्दल कोणाला शंका आली नाही. देवीला कोप करायचाच होता, तर तिला दाराशी उभा असलेला माणूसच कसा सापडला?

तेराव्यानंतर मालक घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "वैनी, देवापुढं कुणाचं काय चालतंय?"

अक्का पुढं आली. तिनं पदर सावरला.

"देवापुढं त्यांचं चालत हुतं," ती म्हणाली. "तुमच्यापुढं चाललं न्हाय."

मालक चहा न घेता उठले.

गॅरेज चालू आहे. मालकांच्या तोंडावर एक डागही नाही. अक्का माझ्याकडे राहते.