गिटारीचा उन्हाळी मुक्काम

चार माणसं एकाच टेम्पोत वर्षानुवर्षं खेटून बसली की किस्से साठायला वेगळं काही करावं लागत नाही. टेम्पो बंद पडतो, माइक शिट्ट्या मारतो, कुणाचा तरी ऐनवेळी घसा बसतो, आणि घरी पोचेपर्यंत त्याचा किस्सा झालेला असतो. आमच्या पार्टीकडे असे पोतंभर आहेत. पण हल्ली बसलो की फिरून फिरून गिटारीचेच निघतात, कारण गिटार वाजवणारा आता नाही. हसता हसता मध्येच कुणीतरी चहा सांगतो.

पार्टी म्हणजे आमची भीमगीतांची पार्टी. गौतमदादा गाणार, पार्टीही त्याचीच. सलीमभाई ढोलक वाजवणार आणि टेम्पो चालवणार. मी, सुजाता, कीबोर्डला आणि कोरसला. आणि विकास गिटारला. आमचा सीझन जयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत. म्हणजे एप्रिल-मेमध्ये, जेव्हा मराठवाड्यातलं कुत्रंसुद्धा नालीत जाऊन बसतं, तेव्हा आम्ही गावोगाव स्टेजवर! माणूस रडतखडत निभावतो. गिटारीचं लाकूड मात्र पापडाएवढं पातळ. उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि एकदा तडकलं की तडकलं. हे विकासनं आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की सलीमभाई त्याला डॉक्टर म्हणायला लागला.

*

लासूर स्टेशनची गोष्ट. भर दुपार, रस्त्याकडेला रसवंती. सलीमभाईनं टेम्पो उन्हातच लावला, काचा वर केल्या आणि आम्ही सगळे आत पळालो. मागून विकास आला तो गिटारीची केस खांद्यावर घेऊन. सावलीतली एकच खुर्ची रिकामी होती. त्यानं केस त्या खुर्चीवर बसवली आणि स्वतः उन्हात उभा राहिला!

रसवंतीवाले मामा वैतागले. "ओ भाऊ, गिऱ्हाईक उभं अन् डबा खुर्चीवर?"

"डबा नाय मामा, पेशंट हाय."

"काय झालं पेशंटला?"

विकासनं केस उघडून दाखवली. आत गिटारीच्या मानेजवळ भोकं पाडलेली साबणाची डबी, आणि डबीत ओला स्पंज. लाकूड अगदी कोरडं पडू नये म्हणून त्यानं केलेला तो जुगाड होता. मामांनी वाकून पाहिलं, गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "सलाईन चालू हाय व्हय? मग बसू द्या."

तेव्हापासून त्या डबीचं नाव सलाईन. प्रोग्रामला निघताना गौतमदादा हमखास विचारायचा, "सलाईन लावली का रे?"

*

गौतमदादाचं प्रेम मात्र जरा जास्तच. एकदा विकास मामेभावाच्या लग्नाला गेला आणि गिटार दादाकडे ठेवून गेला. "सांभाळ दादा," एवढंच म्हणाला. दादानं सांभाळली! केसमधून काढून थेट कूलरसमोर उभी केली. आपल्याला गार लागतं, तर तिला का नको?

विकास परत आला तेव्हा गिटारीचं पोट फुगलेलं, आणि तारा इतक्या वर आलेल्या की दाबताना बोटं सोलून निघायची. पडेगावला विकासच्या घरी खाटेवर बसून दोघांचं भांडण झालं.

"दादा, कूलर म्हंजी नुसती हवा नाय, पाणी हाय पाणी! रातभर वल्ली, दिवसभर गरम झळा. लाकडानं करायचं काय?"

"माझंबी तसंच होतं की," दादा म्हणाला. "सीझनमधी आकसतो, पावसाळ्यात फुगतो. मला कुणी इचारलं का कधी?"

विकासला हसू आलं आणि भांडण तिथंच संपलं. पण त्यानं बोट दाखवून बजावलं, "कूलरसमोर ठेवायची नाय. कधीच नाय." कमलमावशी, म्हणजे विकासची आई, कोपऱ्यात चहा गाळत होती. ती फार बोलत नसे. पण पोराचा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नाही.

*

घरात ही दोघंच. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, आणि खोली एकच. त्या एका खोलीत गिटारीचे उन्हाळी आणि पावसाळी मुक्काम वेगवेगळे! उन्हाळ्यात खाटेखाली, फरशीवर, कारण पत्र्याची धग तिथवर कमी पोचते. पावसाळ्यात फरशीला ओल सुटते, म्हणून मधल्या भिंतीच्या खुंटीवर. बाहेरच्या भिंतीला तर हातसुद्धा लावायचा नाही, ती भिजते. मावशी म्हणायची, "माझं अंथरूण बारा महिने एकाच जागी. हिचा मातर थाट बघा!"

म्हणायची असं, पण तिचाही जीव होता त्या गिटारीवर. सोयगावच्या प्रोग्रामला ते कळलं. दादानं आलाप घेतला, विकासनं गिटार छेडली आणि आतून खुळखुळ खुळखुळ आवाज! दादा गाता गाता थांबला. विकासनं गिटार उलटी करून हलवली, तर मधल्या गोल भोकातून कडुनिंबाचा वाळलेला पाला भसाभसा स्टेजवर पडला. पब्लिक हसून हसून लोळायला लागलं.

सलीमभाई ढोलकवरून ओरडला, "डॉक्टर, तेरे पेशंटकू देसी दवा किसने दिया?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पडेगावला गेले, म्हटलं बघू काय होतंय. विकास म्हणत होता, "आई, ती ज्वारी नाय गं!"

मावशी शांतपणे म्हणाली, "ज्वारीला कीड लागती, अन् लाकडाला नाय लागत व्हय?"

विकास डोकं धरून बाहेर गेला. तो गेल्यावर मावशीनं फडताळातून कडुनिंबाची एकच काडी काढली, केसच्या कप्प्यात सारली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याला नको सांगू."

मी नाही सांगितलं. त्याला माहीत होतं, हे मला खूप नंतर कळलं. काडी वाळली की तोच हळूच नवी आणून ठेवायचा.

*

पावसाळ्याचं खातं सलीमभाईकडे. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या असतात ना, त्या हव्यात असं विकास एकदा सहज बोलून गेला. सलीमभाईचा मेहुणा चपलांच्या दुकानात. दुसऱ्याच आठवड्यात सलीमभाई पिशवीभर पुड्या घेऊन हजर! विकासनं त्या केसमध्ये कोंबल्या. पुढे कितीतरी दिवस त्याची केस उघडली की नव्या चपलांचा वास यायचा.

"अब इसकू सर्दी नै होती, देखो," सलीमभाई छाती फुगवून सांगायचा.

विकास म्हणायचा, "सर्दी नाय होणार भाई, पण ही आता गाणं सोडून चालायला लागंल!"

*

सगळ्यात कडक नियम तारांचा. उद्या वाजवायची असेल तर तारा सुरात लावून तशाच ठेवायच्या. लई दिवस ठेवायची असेल तर सैल करायच्या. नाहीतर तारांच्या ओढीनं पोट फुगतं, ज्या पट्टीला तारा बांधलेल्या असतात ती उचकटून येते. सीझन संपला की विकास खाटेवर मांडी घालून एकेक चावी फिरवायचा आणि तारा सैल सोडायचा. दादाला ते बघवत नसे. "मयताला आल्यासारखं वाटतं," म्हणायचा आणि उठून जायचा.

आणि यातून मावशीची एक युक्ती निघाली होती. प्रोग्राम कधी आहे हे विकास घरी कधीच सांगायचा नाही. मग ही झाडू मारता मारता एका तारेला बोट लावायची. तार ताठ असली की पोरगं उद्या चाललं, लगेच पांढरा शर्ट धुऊन इस्त्रीला. तार सैल असली की निवांत. विकास म्हणायचा, "आईला गाण्यातलं काय कळत नाय, पण तार कळती!"

*

मागच्या पावसाळ्यात, वर्षावासात, पौर्णिमेला विहारात छोटा कार्यक्रम होता. आदल्या दिवशी विकासला ताप होता. तशातच त्यानं गिटार लावली, सुरात आणली, खुंटीला टांगली. मावशीनं शर्ट इस्त्री करून शेजारच्या खिळ्याला अडकवला. ताप वाढला म्हणून सलीमभाईनं त्याला टेम्पोत घातलं. "संध्याकाळी येतो," असं आईला सांगून तो दवाखान्यात गेला. डेंग्यू निघाला. आठवडाही लागला नाही. सव्वीस-सत्तावीसचं पोरगं, खुर्ची गिटारीला देऊन स्वतः उन्हात उभं राहणारं! मला अजून राग येतो. कुणावर ते कळत नाही.

गिटार खुंटीवर राहिली, शर्ट खिळ्यावर. आणि तारा ताठ.

त्या सैल करायला हव्यात, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बोलायचं कुणी? त्या तारा सैल करणं म्हणजे मावशीला काय सांगणं होतं, ते आम्हाला चांगलं कळत होतं. गौतमदादा हे सांगायला म्हणून दोनदा पडेगावला गेला आणि दोन्ही वेळा नुसता चहा पिऊन आला. "तुला जमंल, तू बाई हायस," म्हणाला. सलीमभाई पुड्या बदलून यायचा. एकदा बाहेर येऊन टेम्पोत बसला आणि बराच वेळ चावीच लावेना. "अम्मा उसका तार छूके देखती, सुजाता," एवढंच म्हणाला.

थंडीत मी गेले तेव्हा पोट फुगायला लागलेलं दिसलं. पट्टीच्या मागं कागद सरकेल एवढी फट पडली होती. उन्हाळा आला की ती उचकटणार हे नक्की होतं. त्याची एवढीच गिटार, आणि ज्या गोष्टीपासून त्यानं ती जन्मभर जपली त्याच गोष्टीनं ती मोडणार. मी तोंड उघडलं आणि मावशीला विचारलं, "दळण संपलं का?"

*

आता हा शेवटचा किस्सा. हा मी अजून त्या दोघांना सांगितलेला नाही.

यंदाच्या मे महिन्यातली दुपार. आज बोलायचंच, असं ठरवून पडेगावला गेले. दार ढकललं तर आत भट्टी! पत्रे तापलेले, कूलर बंद, आणि मावशी पुठ्ठ्यानं वारा घेत फरशीवर बसलेली. पदर घामानं भिजलेला.

"मावशी, कूलर का बंद?"

"कूलरसमोर ठेवायची नाय म्हणला व्हता ना त्यो."

"अगं, केस बंद आहे, खाटेखाली आहे. काही होत नाही तिला!"

"आसू दे. एकच तर खोली हाय."

मी कूलर लावला. तिनं उठून बंद केला. मी पुन्हा नाही लावला. मला रडू येत होतं, आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून मी इकडेतिकडे बघत बसले. तेव्हा लक्षात आलं की खिळ्यावर पांढरा शर्ट नाही. पत्र्याच्या पेटीवर घडी करून ठेवलेला होता.

खाली वाकून मी केस ओढली, उघडली. सलाईनचा स्पंज ओला होता. कप्प्यात कडुनिंबाची ताजी काडी. आणि तारा सैल. सगळ्या सैल, लाकडावर लोळत पडलेल्या. एक तुटलेली होती. तिचं वेटोळं करून, दोरा बांधून नीट बाजूला ठेवलेलं.

मी ते वेटोळं तळहातावर घेतलं.

"काल केलं," मावशी म्हणाली. "लई दिवस ठेवायची आसली तर सैल करायची. आसंच म्हणायचा ना गं?"

मी मान हलवली.

तिनं पुठ्ठा खाली ठेवला, माझ्याजवळ सरकली, दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज बारीक केला.

"एक तुटली माझ्याकडून. चावी उलटी फिरली. त्याला नको सांगू."