नऊ नंबरचा पाय

माझा पाय नऊ नंबरचा आहे. पुरुषांचा नऊ. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ओतूरच्या एका शाळेत गणित शिकवायला लागले, तेव्हा बायकांच्या चपला सात नंबरलाच संपायच्या. दुकानदार आधी माझ्या तोंडाकडं बघायचा, मग पायाकडं, आणि म्हणायचा, "जेंट्समध्ये दाखवू का?" त्यामुळं मी साडीखाली भावाचे सँडल घालून फिरायचे.

एसटी स्टँडाजवळ पत्र्याच्या टपरीत एक काका-काकू हातानं वहाणा करायचे. काका चामडं कापायचे, काकू शिवायच्या. एक दिवस मी त्यांच्यापुढं पाय ठेवला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, ह्ये पाऊल न्हाई, पायरी हाय. करून दिली असती, पर लगीनसराई हाय. चार म्हयने थांबा."

"मग मला शिकवा. मीच करते."

काका हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरच्यांना इचारलंय का? आमी चांभार. तुमी बागायतदाराच्या घरच्या. उद्या तुमची मानसं माझ्या दारात यायची भांडायला."

"विचारलंय," मी खोटंच सांगितलं. काकूंनी पोत्यावर थोडी जागा करून दिली.

शाळा सुटली की मी रोज तासभर तिथं बसायला लागले. चामडं भिजवायचं, कुटायचं, रुंद पात्याच्या रापीनं कापायचं, आरीनं भोक पाडून मेणाचा दोरा ओवायचा. ऐकायला सोपं वाटतं. मी एक कड पूर्ण शिवली की काकू ती उलटीसुलटी करून बघायच्या आणि म्हणायच्या, "उसवा." वर्गात मी पोरांना ज्या सुरात "पुन्हा सोडव" म्हणायचे, अगदी त्याच सुरात. घरमालकीणबाईंनी माझी चामड्याची पिशवी पायरीच्या आत येऊ दिली नाही. ती बाहेर खिळ्याला लटकायची आणि तिच्याखाली गल्लीतली कुत्री आशेनं बसून असायची.

दीड महिन्यानं पहिला जोड झाला. घालून बघितला, तर एक वहाण नीट बसली आणि दुसरी पायातून बाहेर पळायला लागली. एकाच कागदाच्या मापावर मी दोन्ही तळ कापले होते. कागद उलटा करायचा राहूनच गेला होता. दोन्ही वहाणा डाव्या.

काकांनी त्या हातात घेतल्या. "बाई, तुमी साळंत गनित शिकवता न्हवं?"

तो जोड त्यांनी टपरीच्या दर्शनी भागात टांगला. येणारा-जाणारा विचारायचा, आणि काका अत्यंत गंभीरपणे सांगायचे, "ऑर्डरीचा हाय."

दुसरा जोड मात्र जमला. काकांनी दोन तळांच्या मधे काहीतरी घातलं आणि वहाणा करकर वाजायला लागल्या. मला आवाज नको होता. "वाजली न्हाई तर नवी हाय ह्ये कळनार कसं?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. त्या वर्षी माझ्या वर्गाएवढी शिस्त सगळ्या शाळेत नव्हती, कारण मी जिन्यात असतानाच पोरांना वर्दी मिळायची.

त्याच सुमाराला मला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून मी रविवारी अवसरीला घरी गेले. ओसरीवर वहाणा काढल्या, साडी बदलली आणि चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलगा, त्याचे वडील आणि मामा बसले होते. मुलगा मला बघून उभा राहिला, आणि आमच्या दोघांच्या उंचीतला फरक बघून लगेच परत बसला. पुढं सगळं पटपट आटोपलं. निरोप घेऊन मंडळी जीपकडं निघाली, आणि मला अंगणातून ओळखीची करकर ऐकू आली.

मुलाचे वडील माझ्या वहाणा घालून चालले होते.

"आई, माझ्या चपला!"

आईनं दंडाला चिमटा काढला. "गप. मुलाचे वडील आहेत ते."

जीप गेली. ओसरीवर त्यांच्या रबरी तळाच्या, टाचेला झिजलेल्या चपला राहिल्या. माझ्या वडिलांनी त्यातली एक उलटी करून बघितली. "तुझ्या बऱ्या होत्या ह्याच्यापेक्षा."

आठवड्यानं मध्यस्थ निरोप घेऊन आला. "मुलगी चांगलीये, पण मुलाला ती जरा उंच वाटते. आणि पाहुणे विचारतायत, त्या वहाणा कुठं केल्या?"

पुढच्या रविवारी आईनं मला तेच विचारलं, तेव्हा खरं सांगावं लागलं. हातातलं ताट खाली ठेवून ती पाटावर बसली. "आपल्यात कुणी केलंय का गं हे? लोकांना काय सांगू?" वडील दारातून म्हणाले, "लोकांना सांगू नको. मला एक जोड कर म्हणावं."

पण वडिलांच्या आधी नंबर लागला तो पाहुण्यांचाच. एका संध्याकाळी मी टपरीत रापी चालवत बसले होते आणि समोर त्या मुलाचे टोपीवाले वडील येऊन उभे राहिले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या माझ्या वहाणा.

"ह्या चुकून गेल्या व्हत्या," ते काकांना म्हणाले. "हितंच केल्यात, असं मध्यस्थाकडनं कळलं. अशाच मला..." मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "बाई, तुमी हितं?"

"पावनं, त्या ह्यांच्याच हातच्या," काका शांतपणे म्हणाले. "माप त्यांनाच द्या."

पाहुण्यांनी इकडंतिकडं बघितलं. पळून जावं असं त्यांना नक्कीच वाटलं असणार, पण वहाणांचा मोह मोठा होता. त्यांनी कागदावर पाय ठेवला. त्यांची सून झाले असते तर मी वाकून त्या पायांना हात लावलाच असता. आता सून न होताच वाकले होते, पेन्सिल घेऊन. पेन्सिल तळव्याच्या खोलगट भागाशी आली आणि ते खिदळायला लागले. त्यांना गुदगुल्या होत होत्या. काकूंनी पदर तोंडात धरला. शेवटी काकांनी पाहुण्यांचा घोटा धरला, तेव्हा कुठं माप पुरं झालं.

"तुमच्यात काई कमी न्हवतं, बाई," डोळे पुसत ते म्हणाले. "आमचं पोरगंच आखूड निघालं, त्याला मी काय करनार?"

मला त्या क्षणापर्यंत त्या नकाराचा राग होता. तो तिथंच गेला.

तीन आठवड्यांनी तो जोड काकूंच्या हातात दिला. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, परत फिरवला आणि जोड काकांकडं दिला. मी उसवायची वाट बघत बसले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की त्या "उसवा" म्हणाल्याच नव्हत्या.

माझं लग्न दोन वर्षांनी झालं, मंचरला, दुसऱ्याच घरी. काका-काकू नवे कपडे घालून आले होते. अक्षतांची वेळ झाली तरी काका मांडवाबाहेर, लोकांनी काढलेल्या शेकडो चपलांपाशी, हात मागं बांधून उभे. काकू बोलवायला गेल्या.

"थांब गं," ते म्हणाले, "आत मानसं काय, सारखीच दिसत्यात. हितं टाचा बघ जरा, कोन कसा चालतो त्ये."