एक जूनच्या दोन पोरी

दोन गोष्टी सारख्या आहेत का, एवढं साधं विचारायला प्रोग्रॅमिंगच्या भाषांनी जो घोळ घालून ठेवलाय, तो बघून मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. एका भाषेत बरोबरचं चिन्ह दोनदा लिहायचं. दुसरीत तीनदा, कारण दोनदाच लिहिलं तर ती बया शून्य आणि कोरी जागा एकच समजते. तिसरीत चिन्ह टाकलं की ती फक्त एवढंच बघते, ही तीच वस्तू आहे का. आतला माल सारखा आहे का, ते विचारायला वेगळं फंक्शन. मी लातुरात कॉलेजच्या पोरांना हेच शिकवून पोट भरते, म्हणून शिव्या घालायचा हक्क मला आहे.

पोरांना मी सांगते, एकाच दुकानातून आणलेले स्टीलचे दोन तांबे घ्या. माप एक, घडण एक. पण एकावर आईचं नाव घातलंय, एकावर काकूचं. काकूचा तांबा आईच्या फळीवर गेला की घरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. भाषेला ते कळत नाही. सारखं कशाला म्हणायचं हे तिला माणसानं सांगावं लागतं, आणि सांगणारा अर्धवट असला की ती तेवढ्याच इमानदारीनं अर्धवटपणा करते.

असा एक सांगणारा मला भेटला, तो फोनवर. कॉलेज सुटल्यावर मी एका मोठ्या कोचिंग क्लासचं सॉफ्टवेअर सांभाळते. ते लिहिलं पुण्यात बसलेल्या एका तरण्या प्रोग्रॅमरनं, ज्यानं मराठवाडा बसच्या काचेतूनसुद्धा पाहिला नसावा. क्लासच्या मालकांना सगळे सर म्हणतात. ते वर्गात कधीच शिकवत नाहीत, पण शहरातल्या प्रत्येक चौकात हात बांधून फलकावर उभे असतात. जाहिरात बरी दिसावी म्हणून त्यांनी एका वर्षी आश्रमशाळांतल्या पोरांसाठी निवड परीक्षा घेतली. जे पास होतील त्यांना डॉक्टरकीच्या तयारीची बॅच आणि हॉस्टेल फुकट. फलकावर 'फुकट' हा शब्द सरांच्या डोक्यापेक्षा मोठा छापला होता.

प्रवेशाच्या दिवशी किनवटकडच्या एका आश्रमशाळेचे अधीक्षक दोन पोरींना घेऊन आले. एक उंच, एक बुटकी चष्मेवाली. पहाटेच्या गाडीनं नांदेड, तिथून एसटीनं लातूर. बोलावणं एकीचंच आलं होतं, पण दुसरीचं राहून गेलं असेल म्हणून अधीक्षकांनी तिलाही आणलं होतं. पोरींच्या हातात पत्र्याच्या पेट्या, म्हणजे राहायच्या तयारीनंच आलेल्या. काउंटरवरच्या क्लार्कनं यादी उघडली. चष्मेवालीचं नाव होतं. उंच पोरीचं नाव पासात नव्हतं, नापासात नव्हतं, कुठंच नव्हतं.

"तू परीक्षाच दिली नाहीस," क्लार्क म्हणाला.

"दिली की," पोरगी म्हणाली. "हिच्या मागच्याच बाकावर बसले व्हते."

"सिस्टिममध्ये नाही म्हणजे नाही."

गडबड ऐकून सर बाहेर आले. त्यांनी पोरीकडं बघितलंसुद्धा नाही, अधीक्षकांनाच म्हणाले, "अहो, एकीचं काम झालं की दुसरीबी पेटी उचलून निघते. हे आम्हाला नवीन आहे का?" अधीक्षक हात जोडून उभे राहिले. पोरीनं पेटी खाली ठेवली आणि परत म्हणाली, "मी परीक्षा दिली." एवढंच. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. सीट नाही मिळाली तर नाही, पण पोरीला खोटारडी ठरवायला हे कोण?

मी दोघींना आणि अधीक्षकांना आत माझ्या टेबलापाशी नेलं. जन्मतारीख विचारली. उंच म्हणाली, "एक जून." चष्मेवाली म्हणाली, "माझीबी एक जून." साल पण एकच. मोबाइल नंबर? दोघींनी अधीक्षकांकडं बोट केलं. आश्रमशाळेतल्या सगळ्या लेकरांच्या फॉर्मवर त्यांचाच नंबर असतो, कारण वाडीवर कुणाकडं फोन असला तरी रेंज नसते.

मला पुढचं काही विचारायची गरज उरली नाही. माझी जन्मतारीखही एक जूनच आहे. बिलोलीकडं आमच्या गावात आई मला शाळेत घालायला गेली, तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं पोरगी कधीची. आई म्हणाली, ज्वारी काढायच्या वक्ताची. मास्तरांनी लिहिलं, एक जून. माझ्या भावाची एक जून, नवऱ्याची एक जून. त्या दिवशी मोबाइल उघडला तर निम्म्या मराठवाड्याचा वाढदिवस असतो आणि खऱ्यातला एकाचाही नसतो. आता शहरात दाखले मिळतात, पण जंगलातल्या वाडीवर अजून मास्तरच ब्रह्मदेव.

मी पुण्याला फोन लावला. प्रोग्रॅमरनं मला अगदी लहान बाळाला समजावतात तसं समजावलं. "मॅम, नावं लोक कशीही लिहितात, म्हणून नाव आपण बघतच नाही. जन्मतारीख आणि मोबाइल जुळला की माणूस एकच. सारखेपणा बघायचं इक्वल्स फंक्शन मी तसंच लिहिलंय. दोन सापडले की नंतरचा ठेवायचा, आधीचा गाळायचा."

"तुझ्या घरात माणसं किती?" मी विचारलं.

"तीन. का, मॅम?"

"आणि मोबाइल?"

"चार."

मी फोन ठेवला. म्हणजे उंच पोरीनं फॉर्म आधी भरला, हाच तिचा गुन्हा. सब घोडे बारा टक्के म्हणतात ना, त्याचं या शहाण्यानं फंक्शन करून विकलं होतं, आणि आमच्या सरांनी ते फलकावर 'अत्याधुनिक' म्हणून मिरवलं होतं.

नशीब एवढंच की मूळ नोंदी पुसल्या नव्हत्या, यादी काढताना गाळल्या जात होत्या. परीक्षेत प्रत्येकाला वेगळा बैठक क्रमांक होता. तुलना त्यावरून कर, असं मी त्या प्रोग्रॅमला सांगितलं आणि यादी परत काढली. उंच पोरगी आली. चष्मेवालीपेक्षा चांगले मार्क घेऊन आली. आणि तिच्यासोबत भराभर इतर आश्रमशाळांतली लेकरंही आली, एक जूनवाली, अधीक्षकांच्या नंबरवाली. पास झालेली, आणि कुणालाच माहीत नसलेली.

सर आत येऊन माझ्या खुर्चीमागं उभे होते. यादी वाढताना त्यांनी पाहिली आणि वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, ते आधीसारखं करून टाका. जाहिरातीपुरत्या सीटा ठरल्या होत्या. या पोरीला घेऊ आपण, माझा शब्द. बाकीचे कुठं विचारायला आलेत?"

समोर दोघी पोरी उभ्या होत्या, त्यांना सगळं ऐकू जात होतं. मला त्या माणसाची किळस आली. चौकाचौकात फलक लावणारा हा माणूस, आणि त्याला ही लेकरं एकमेकांत मिसळलेलीच बरी वाटत होती. मी म्हणाले, "सर, मी नाही करणार. तुम्हाला करायचं तर बसा, खुर्ची देते." त्यांना माऊस नीट धरता येत नाही, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

ते तावातावानं मला नियम सांगायला लागले. तेवढ्यात अधीक्षक पुढं आले. "हाव हाव सर, तुमचं बराबर हाय," म्हणत त्यांनी स्क्रीनचा फोटो काढला. "आमचा अधीक्षकांचा ग्रुप हाय. कोणाची लेकरं हायत ते तेच सांगतील." सरांनी फोन मागायच्या आत फोटो गेलासुद्धा. थोड्याच वेळात काउंटरवरचा फोन वाजायला लागला, आणि मग तो खाली ठेवायची सोय राहिली नाही. त्या आठवड्यात सरांनी सगळ्यांना प्रवेश दिला. बसवलं मात्र गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि खाली नवा फलक लागला, त्यात सर गरिबांचे वाली झाले होते. लाज नावाची गोष्ट या माणसाच्या दारावरून कधी गेलीच नसावी.

पहिल्या चाचणीचा निकाल भिंतीवर लागला तेव्हा मी मुद्दाम वर गेले. उंच पोरगी बरीच खाली होती. शहरातली पोरं दोन वर्षं आधीपासून घोकून आलेली, दुसरं काय होणार. ती भिंतीसमोर उभी राहून आपल्या ओळीवर बोट ठेवून बघत होती. मला वाटलं, हिची समजूत काढावी. म्हणाले, "होतं गं सुरुवातीला. वाईट वाटून घेऊ नको."

तिनं बोट काढलं नाही. "कमी हायत, मॅडम," ती म्हणाली, "पन माझे हायत."